बीसी ५४७ आणि दोन दिव्यांची रचना

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर ओळखायचा तो त्याच्या सपाट बाजूवरून. काळ्या प्लॅस्टिकच्या त्या अर्धगोल तुकड्याची छापील अक्षरांची बाजू आपल्याकडे केली आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हुबेहूब याच आकाराचा अमेरिकी २एन३९०४ घ्या, टोकांचे पाय उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. मधला बेस तेवढा दोघांत सारखा. अमेरिकी पुस्तकातली आकृती समोर ठेवून लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणलेला माल जोडायचा, तर हा फरक आधी मनात पक्का हवा.

घराणं युरोपचं. धातूच्या टोपीचा बीसी १०७ हा त्याचा १९६० च्या दशकातला पूर्वज. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून तो कित्येकांच्या हाताखालून गेला आहे. ५४७ ची भावंडंही गुणी आहेत. ५४६ जास्त, म्हणजे ६५ व्होल्ट सोसतो, ५४८ ला ३० व्होल्टची मर्यादा, ५४९ कमी खरखरीचा, आणि ५५७ हा उलट्या ध्रुवतेचा जोडीदार. ५४७ स्वतः ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंत काम करतो. हौशी माणसाला एवढं पुष्कळ झालं.

त्याच्या डेटाशीटमधली मला सर्वांत आवडणारी ओळ गेनची आहे. बेसमध्ये सोडलेला प्रवाह कलेक्टरमध्ये किती पट होतो, ते ही ओळ सांगते. ए गटासाठी ११० ते २२०, बी साठी २०० ते ४५०, सी साठी ४२० ते ८००. म्हणजे गटाचं अक्षर नसलेला ५४७ उचलला, तर त्याचा गेन ११० ही असू शकतो आणि ८०० ही. नवशिक्याला हा कारखान्याचा ढिसाळपणा वाटतो. पण या ट्रान्झिस्टरची सगळी गोडी, माझ्या मते, इथूनच सुरू होते. गेन बेभरवशाचा आहे हे मान्य करूनच चांगलं सर्किट रचलं जातं. भरवसा ठेवायचा तो बेस आणि एमिटर यांच्यामधल्या ०.६ ते ०.७ व्होल्टवर. तिथं सुमारे ६० मिलिव्होल्ट वाढले की कलेक्टरचा प्रवाह दसपट होतो. त्यामुळे प्रवाह कितीही बदलला, तरी हा आकडा फारसा हलत नाही.

रिले चालवण्याचं साधं सर्किट घ्या. १२ व्होल्टच्या रिलेचं वेटोळं ४०० ओहमचं असेल, तर त्याला ३० मिलिअँपिअर लागतात. गेन ११० धरला, तर बेसला पाव मिलिअँपिअरच्या थोडं वर दिलं तरी हिशेब जुळतो. जाणता माणूस तिथं दोन-तीन मिलिअँपिअर देतो. हा औदार्याचा भाग महत्त्वाचा, कारण मग ट्रान्झिस्टर पुरता उघडतो, कलेक्टर आणि एमिटर यांच्यात ०.२ व्होल्टच्या आसपास उरतात आणि आत जेमतेम सहा मिलिवॅट उष्णता होते. तोच अर्धवट उघडा राहिला तर ९० मिलिवॅट, म्हणजे पंधरापट. वेटोळ्याच्या दोन टोकांना उलटा डायोड जोडायचा, पट्टीची बाजू धनाकडे. तो नसेल, तर रिले बंद होताना वेटोळं जो झटका देतं, तो ४५ व्होल्टची मर्यादा सहज ओलांडतो.

पण रसिकानं थांबून वाचावं असं सर्किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टरचं फ्लॅशर. मुळात ते अब्राहम आणि ब्लॉक या फ्रेंच शास्त्रज्ञांनी व्हॉल्व्ह वापरून केलं आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या ब्रेडबोर्डवर त्याचं रूप असं: दोन बीसी ५४७, प्रत्येकाच्या कलेक्टरवर ४७० ओहम आणि एक लाल एलईडी, प्रत्येक बेसला ४७ किलोओहम, आणि एकाच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसकडे जाणारे १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. कागदावर डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, मध्ये दोन तारांची फुली. सगळा आशय त्या फुलीत आहे. एक ट्रान्झिस्टर उघडला, की त्याचा कलेक्टर धाडकन खाली येतो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज तत्क्षणी बदलू शकत नाही, म्हणून दुसऱ्याचा बेस शून्याच्याही खाली ढकलला जातो आणि तो बंद पडतो. मग ४७ किलोओहममधून तो बेस हळूहळू वर चढतो, ०.६ व्होल्टला पोचतो, आणि आता बंद पडायची पाळी पहिल्याची येते.

आता यातले आकडे पाहा. ९ व्होल्टवर एलईडीतून सुमारे १५ मिलिअँपिअर जातात, बेसला ०.१८ मिलिअँपिअरच्या आत-बाहेर मिळतात. भागाकार ८३ च्या आसपास. कारखान्यानं दिलेला किमान गेन ११०, म्हणजे सर्वांत दुबळा ५४७ लावला तरी दिवा लागेल. ४७ किलोओहमची निवड किती समजूतदार आहे, ते इथं कळतं. तिथं १०० किलोओहम लावा, दिवे संथ होतील खरे, पण गेन पावणेदोनशेच्या वर मागितला जाईल, आणि ए गटातला एखादा तुकडा तिथं कमी पडेल.

वेळेसाठी पुस्तकात रोध गुणिले कपॅसिटर गुणिले ०.६९ असं सूत्र असतं. त्या हिशेबानं प्रत्येक दिवा ०.३२ सेकंद पेटायला हवा. प्रत्यक्षात वेळ किंचित कमी भरतो, कारण कलेक्टरच्या वाटेत एलईडी बसलेला असल्यानं कपॅसिटर पूर्ण ९ व्होल्टपर्यंत भरतच नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक आकृत्या सांगत नाहीत. खाली ढकललेला बेस नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर उणे साडेसहापर्यंत जातो, आणि ५४७ च्या बेस-एमिटर जोडाला उलट्या दिशेनं मर्यादा आहे ६ व्होल्टची. फ्लॅशर चालतं, तक्रार करत नाही. पण १२ व्होल्ट दिले तर तो जोड वारंवार फुटून वाहू लागतो, लय बिघडते आणि ट्रान्झिस्टरचा गेन हळूहळू उतरतो. उपाय सोपे आहेत: ५ व्होल्टवर चालवावं, किंवा प्रत्येक एमिटरच्या वाटेत एक छोटा १एन४१४८ डायोड घालावा.

आता या रचनेतला मला फार देखणा वाटणारा प्रश्न. दोन्ही बाजू इतक्या सारख्या, तर बॅटरी जोडताच आधी पेटतो कोण? दोन्ही भाग खरोखर एकसारखे असते तर दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच उघडे राहिले असते आणि काहीच हललं नसतं; संगणकावर आदर्श भाग मांडून हे सर्किट चालवलं तर अनेकदा ते असंच अडकून बसतं. ब्रेडबोर्डवर तसं सहसा होत नाही. एकाचा गेन २५०, दुसऱ्याचा २९०, एक रेझिस्टर टक्काभर जास्त, एवढी तफावत पुरते. ज्या अनिश्चिततेपासून सगळे आकडे सांभाळून निवडले, तीच पहिला दिवा लावते.

हे सर्किट जमलं की ते मोडू नये. दोन्ही कपॅसिटर तेवढे काढून १० नॅनोफॅरडचे लावावेत, म्हणजे हजारपट लहान. दोन्ही एलईडी आता सतत पेटलेले दिसतील. एका कलेक्टरपासून ऋण टोकापर्यंत पिझोची चकती जोडली, की त्याच दोन ५४७ मधून दीड हजार हर्ट्‌झच्या वरचा तीक्ष्ण सूर निघेल. मग ४७ किलोओहमच्या एका रेझिस्टरच्या जागी २२ किलोओहम आणि त्याच्याशी जोडून ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवावा, आणि तो फिरवत सूर कुठून कुठवर जातो ते ऐकावं.