एकाचे हिट, सगळ्यांच्या कॅसेटी

२००४ साली डॅडी यँकीचे 'गासोलिना' जगभर वाजले आणि रेगेटॉन हे संगीत तेव्हाच जन्माला आले, असे पोर्तो रिकोबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांना वाटले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३मध्ये, याच गायकाचा 'लोस होमरुनेस' हा अल्बम आला होता. 'सेगुरोस्की' आणि डॉन ओमारबरोबरचे 'गाता गँगस्टर' अशी काही नवी गाणी त्यात होती, पण गाभा जुनाच होता. नव्वदच्या दशकात कॅसेटींवरून सान हुआनच्या वस्त्यांत गाजलेली यँकीची गाणी इथे एकत्र केली होती. बाहेरच्या जगाला ज्याचे नावही ठाऊक नव्हते, त्याची गाजलेली जुनी गाणी निवडून बाजारात येतात, यावरून बेटावर त्याचे स्थान किती पक्के झाले होते ते कळते. या संकलनाने रेगेटॉनचा भूतकाळ जपला. पण त्याचा आकार मात्र बदलून टाकला.

हा भूतकाळ एका बेटाचा नाही. जमैकाच्या डान्सहॉलमधून ठेका आला. शाबा रँक्सच्या १९९०च्या 'डेम बो' या गाण्याचा ताल पुढे इतका रुळला की रेगेटॉनच्या तालाला तेच नाव पडले. केहरव्याच्या आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडल्या, तर त्याचा झोल आपल्या कानाला चटकन सापडेल. पनामात कॅरिबियन मजुरांच्या वंशजांनी, एल हेनेराल आणि नॅन्डो बूम यांसारख्या गायकांनी, जमैकन रेगे स्पॅनिशमध्ये आणले. न्यूयॉर्कहून रॅप आले. या सगळ्याची सरमिसळ सान हुआनमध्ये झाली आणि तिला तिथे 'अंडरग्राउंड' म्हणू लागले.

अंडरग्राउंडचे माध्यम होते मिक्सटेप, आणि मिक्सटेपचा कर्ता होता डीजे. डीजे प्लेएरोच्या क्रमांक घातलेल्या कॅसेटी किंवा डीजे नेग्रोच्या 'द नॉइज' या क्लबमधून निघालेली मालिका ऐकली, तर सुटे गाणे असे हाती लागतच नाही. ताल मध्येच बदलतो, अमेरिकन रॅपचा एखादा तुकडा येऊन जातो, एका पोराच्या तोंडची ओळ संपते न संपते तोच दुसरा माइक घेतो. विया केनेडी या सरकारी गृहवसाहतीत वाढलेला रामोन आयाला, म्हणजेच डॅडी यँकी, या कॅसेटींवर आला तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती. त्याला बेसबॉल खेळायचे होते. पायात गोळी लागली आणि ते राहिले. अल्बमचे नाव त्याच खेळातले आहे.

संकलनात हा सारा गलका निवळतो. प्रत्येक गाण्याला सुरुवात आणि शेवट मिळतो, मुखपृष्ठावर एकाच माणसाचे नाव येते, डीजे मागे सरतो. फायदा उघड आहे: यँकीची शब्दफेक किती वेगवान आणि किती नेमकी होती, ते गर्दीबाहेर काढल्यावर नीट ऐकू येते. तोटाही तितकाच खरा. त्या ओळींतली चढाओढ, म्हणजे आधीच्याने जे म्हटले त्यावर वरचढ होण्याची ईर्षा, नाहीशी होते. जे समूहाचे होते ते एका ताऱ्याचे पूर्वचरित्र बनते. तेगो काल्देरोनच्या २००४च्या 'एल एनेमी दे लोस ग्वासिबिरी' या संकलनात हे कमी खुपते. इतरांच्या प्रकल्पांसाठी गायलेले तेगोचे तुकडे त्यात विखुरलेलेच वाटतात आणि तो विखुरलेपणाच अधिक प्रामाणिक आहे.

'लोस होमरुनेस' २००३मध्येच यावे, यालाही कारण आहे. १९९५च्या फेब्रुवारीत पोलिसांनी सान हुआनच्या दुकानांवर छापे घालून अंडरग्राउंडच्या कॅसेटी जप्त केल्या होत्या. अश्लीलता आणि गुन्हेगारीचा प्रसार, असा ठपका होता. २००२मध्ये सेनेटर बेल्दा गोन्सालेस यांनी रेगेटॉनवरच्या 'पेर्रेओ' या नृत्याविरुद्ध मोहीम उघडली. पण तोवर वाऱ्याची दिशा फिरली होती. २००३मध्येच डॉन ओमारचा 'द लास्ट डॉन' आला, आयव्ही क्वीनचा 'दिवा' आला, आणि लुनी ट्यून्स या निर्मात्या जोडीने 'मास फ्लो'मधून संगणकावर घडवलेला चकचकीत, सुटसुटीत आवाज रूढ केला. कालपर्यंत जप्त होणारा माल आज दर्शनी काचेमागे मांडता येत होता. या जुन्या गाण्यांतल्या बाईकडे पाहण्याच्या नजरेवर मात्र अशा पुनर्मांडणीत कोणी प्रश्न विचारला नाही. छाप्यांमागची वस्त्यांविषयीची घृणा खरी होती, म्हणून ती नजर निर्दोष ठरत नाही. अंडरग्राउंडच्या त्याच मेळ्यात पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून आयव्ही क्वीन काय गात होती, हे सोबत ऐकल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

आजची स्थिती विचित्र आहे. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'गासोलिना'ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले. हा मान मिळालेले ते पहिले रेगेटॉन गाणे. दुसरीकडे जमैकाच्या स्टीली अँड क्लीव्ही या जोडीच्या वतीने कॅलिफोर्नियात खटला उभा आहे. १९८९च्या आपल्या 'फिश मार्केट' या तालावर शेकडो रेगेटॉन गाणी बेतली, असा दावा त्यात आहे आणि प्रतिवादींत डॅडी यँकीही आहे. कळसावर सोने चढले, पण पाया कोणाचा हे अजून ठरायचे आहे. विनापरवाना सॅम्पलांनी खच्चून भरलेल्या त्या मूळ कॅसेटी अधिकृतपणे पुन्हा काढणे याच कारणाने अवघड होऊन बसते. बॅड बनीने २०२०च्या 'साफाएरा'त मिक्सटेपचा तो धसमुसळा, क्षणोक्षणी ताल बदलणारा बाज पुन्हा जिवंत केला, तेव्हा ते गाणेही श्रेयांच्या वादातून काही काळ स्पॉटिफायवरून उतरले होते.

म्हणून 'लोस होमरुनेस'ची किंमत इतिहास म्हणून कमी आणि कागदपत्र म्हणून जास्त आहे. एक कला गल्लीतून कंपनीकडे निघाली, त्या वळणावरचा तो दस्तऐवज आहे. तो जरूर ऐकावा, पण 'प्लेएरो ३७' किंवा 'द नॉइज'ची एखादी जुनी कॅसेट जिथे मिळेल तिथून मिळवून, तिच्या जोडीने. आणि ज्यांनी या संगीतावर अमाप पैसा केला, त्या कंपन्यांनी आता जमैका आणि पनामाच्या कलावंतांचे श्रेय आणि देणे चुकते करून त्या मूळ कॅसेटी अखंड, न कापता प्रसिद्ध कराव्यात. निवडक हिट गाण्यांचे आणखी एक संकलन कोणाला नको आहे.