सूत्र आणि संकेत : मुखविकृतिशास्त्राच्या उजळणीची भाषा

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी मुखविकृतिशास्त्राची जी उजळणी केली जाते, तिच्यापोटी एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच जन्मास आला आहे. एकओळी टिपणे, कोष्टके, आद्याक्षरांच्या युक्त्या आणि मागील परीक्षांतील प्रश्नोत्तरे हे त्याचे सामान्य स्वरूप होय. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु जे शास्त्र खुणेवरून रोग ओळखावयास शिकविते, ते मुळातच चिन्ह आणि अर्थ ह्यांच्या संबंधाचे शास्त्र आहे. हा संबंध उजळणीच्या भाषेत कसा मांडला जातो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रकाराची निंदा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. २०२५ सालच्या नीट-एमडीएस परीक्षेत तीन तासांत २४० प्रश्न सोडवावयाचे होते. अचूक उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, असा हिशेब होता. अशा परीक्षेपुढे संक्षेप ही गरज आहे. शिवाय संक्षेपाचे आपल्या परंपरेला वावडे कधीच नव्हते. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण सांगणाऱ्या पाणिनीचा आदर्श आपल्यापुढे आहे. तेव्हा प्रश्न संक्षेपाचा नसून संक्षेपाच्या जातीचा आहे.

उजळणीतील नमुनेदार ओळ अशी असते : ‘कांद्याच्या पापुद्र्यांसारखी प्रतिमा : यूइंगचा सार्कोमा.’ ह्या ओळीत क्रियापद नाही, ‘बहुधा’ नाही, ‘कधीकधी’ नाही. दोन नामे आणि त्यांमधील एक खूण एवढाच तिचा देह. व्याकरणदृष्ट्या ती विधान नसून समीकरण आहे, आणि समीकरण दोन्ही बाजूंनी वाचता येते. वस्तुतः पाठ्यग्रंथ म्हणतो, की ह्या रोगात अशी प्रतिमा दिसू शकते. परीक्षा विचारते, की अशी प्रतिमा दिसली तर रोग कोणता. पहिल्या विधानावरून दुसरे निष्पन्न होत नाही. तशीच प्रतिमा गारेच्या अस्थिमज्जाशोथात दिसते, आणि तो रोग बहुधा किडक्या दाढेतून उद्भवणारा असतो. एकीकडे घातक अर्बुद, दुसरीकडे दाताचा जंतुसंसर्ग. आणि दोन्ही मुख्यतः लहान वयातले. साबणाच्या फुग्यांची उपमा अमेलोब्लास्टोमाला दिली जाते, तशी ती इतरही काही विकृतींना दिली जाते. ‘भूतपेशी’ कॅल्सिफाइंग ओडोंटोजेनिक सिस्टमध्ये सापडतात. त्या ओडोंटोमातही सापडतात, आणि कवटीतील क्रॅनिओफॅरिंजिओमातही.

उपमांचा आणखी एक विशेष विचारात घेतला पाहिजे. उपमेचे कार्य परिचित वस्तूच्या साहाय्याने अपरिचिताचा बोध करून देणे हे आहे. कांदा आणि करवत मराठी विद्यार्थ्याच्या घरातील आहेत. म्हणून लायकेन प्लेनसमधील करवतीचे दात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर दिसतात. परंतु पेम्फिगसमधील आधारपेशींना ‘थडग्यांच्या शिळांची रांग’ म्हटले जाते, ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाला स्विस चीजचे रूप दिले जाते, आणि तंतुमय दुर्विकासातील अस्थिशलाकांना चिनी अक्षरांची उपमा मिळते. ज्याने ती शिळा, ते चीज, ती लिपी कधी नीट पाहिली नाही, त्याच्या लेखी ही उपमा उरतच नाही. सोस्यूरच्या परिभाषेत बोलावयाचे, तर सहेतुक चिन्ह येथे यादृच्छिक चिन्ह बनते. विद्यार्थी उत्तर अचूक देतो. काचपट्टीवर मात्र त्याला काहीच दिसत नाही.

व्यक्तिनामांनी गोंधळात भरच पडते. गॉर्लिनचा सिस्ट म्हणजे १९६२ साली वर्णिलेला कॅल्सिफाइंग ओडोंटोजेनिक सिस्ट. पण गॉर्लिन-गोल्ट्झ लक्षणसमूहात जबड्यात जे सिस्ट आढळतात ते गॉर्लिनचे सिस्ट नव्हेत, ते ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट होत. ह्या केराटोसिस्टचा इतिहासही बोधप्रद आहे. १९५६ साली फिलिपसेन ह्यांनी त्याला हे नाव दिले. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने त्याला अर्बुद ठरवून नाव बदलले. २०१७ साली पुरावा अपुरा मानून पूर्वीचे नाव परत आणले. ह्या तीन सालांमागे सिस्ट कोणता व अर्बुद कोणते हा मूलभूत वाद आहे. उजळणीच्या पानावर मात्र त्यांतील एकच नाव उरते, आणि पान जुने असेल तर तेही जुने.

येथे पाणिनीकडे पुन्हा वळावे लागते. पाणिनीच्या सूत्रात जे पद दिसत नाही ते अनुवृत्तीने मागील सूत्रातून येते. सूत्र कसे लावावे हे परिभाषा सांगते. गाळलेले सर्व काही परत मिळविण्याचा मार्ग तेथे राखलेला असतो. उजळणीच्या ओळीत तसा मार्ग नसतो. केराटोसिस्टचे पातळ, नागमोडी पृष्ठाचे अस्तर प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु शोथ झाला की तेच अस्तर आपली ओळख गमावते, ही गोष्ट ओळीत नसते. अशी काचपट्टी समोर आल्यास पाठ केलेली खूण न सापडल्यामुळे तो निदान चुकेल, आणि पुन्हापुन्हा उद्भवणारा हा विकार साधा समजून सोडून दिला जाईल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस. १९५३ साली जोशी ह्यांनी भारतात त्याचे वर्णन केले. सुपारीशी असलेला त्याचा संबंध आता सुप्रतिष्ठित आहे. उजळणीत तो ‘सुपारी’ आणि ‘कोलॅजन’ ह्या दोन शब्दांत आटोपतो. रुग्ण मात्र ह्यांतला एकही शब्द उच्चारीत नाही. ‘तिखट सोसत नाही, घास मोठा घेता येत नाही,’ असे तो सांगतो. रुग्णाच्या ह्या वाक्यापासून काचपट्टीपर्यंतचा प्रवास हेच निदान होय, आणि तो कोणत्याही कोष्टकात बसविलेला नसतो.

तेव्हा उजळणी टाकून द्यावी असे नव्हे, ती सूत्राच्या योग्यतेस पोहोचवावी. प्रत्येक खुणेसमोर ती जेथे जेथे आढळते ते सर्व रोग. प्रत्येक रोगासमोर खूण केव्हा लोपते ती अवस्था. प्रत्येक नावासमोर ते कोणत्या सालच्या वर्गीकरणातील आहे ह्याची नोंद. एवढी तीन पदे वाढविल्याने ओळ थोडी लांबेल. पण ती दोन्ही बाजूंनी वाचली तरी खोटी ठरणार नाही. अशी टिपणे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने आणि स्वतः पाहिलेल्या काचपट्ट्यांवरून तयार करावीत, आणि अध्यापकांनी ती तपासावीत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.