अदृश्य बालिका आणि अस्तित्वाचा पुरावा

रहस्यकथेत हरवलेल्या माणसाचा शोध हा बहुधा स्थळाचा प्रश्न असतो : ते माणूस आहे कोठे? ऑटो प्रेमिंजर यांच्या 'बनी लेक इज मिसिंग' (१९६५) या ब्रिटिश चित्रपटात त्याची जागा अधिक भयावह प्रश्न घेतो : जिचा शोध चालला आहे, ती मुलगी मुळात होती काय?

ईव्हलिन पायपर या टोपणनावाने मेरियम मॉडेल यांनी १९५७ साली लिहिलेल्या मूळ कादंबरीचे कथानक न्यूयॉर्कमध्ये घडते. जॉन व पेनेलोपी मॉर्टिमर यांच्या पटकथेने ते लंडनला आणले, आणि हा बदल केवळ नेपथ्याचा राहिला नाही. ॲन लेक अमेरिकेहून नुकतीच आलेली अविवाहित माता. भाऊ स्टीव्हन याच्यावाचून तिच्या मुलीला ओळखणारे त्या महानगरात कोणी नाही. बालशाळेत बनीला पाहिल्याचे कोणी सांगत नाही. घरातून तिच्या वस्तू नाहीशा होतात. ॲनच्या बालपणातील काल्पनिक सवंगड्याचे नावही बनीच होते, हे उघडकीस येते. आता साक्षीला उरते ती दुरुस्तीस टाकलेली एक बाहुली.

प्रेमिंजर यांचे कौशल्य असे, की शेवट जवळ येईतो ते प्रेक्षकालाही मूल दाखवीत नाहीत. त्यामुळे ॲनविषयी सहानुभूती बाळगणारा प्रेक्षकच मनातून तिच्यावर अविश्वास दाखवू लागतो. संशयाच्या पापात तोही वाटेकरी होतो. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी न्यूहाउस क्रूर नाही. तो सौजन्याने बोलतो, शांतपणे ऐकतो, आणि तरीही पुराव्याखेरीज काही मानीत नाही. सभ्यतेच्या आवरणातील हा अविश्वास आरडाओरड्याहून अधिक जाचक वाटतो.

उत्तरार्धात मात्र चित्रपट उणा पडतो. सारे कारस्थान भावाच्या विकृत, मत्सरी प्रेमाचे ठरते. आणि दोष एका वेड्या मनावर टाकताच, एकाकी स्त्रीचा शब्द हलका लेखणारा समाज निर्दोष सुटतो. कॅरोल लिन्ली आणि कीर ड्युलिया यांचा अखेरचा बालखेळांचा प्रसंग थरारक आहे, यात शंका नाही. मुलीचा जीव वाचवण्यासाठी बहीण भावाशी पुन्हा लहान होऊन खेळत राहते. पण तो थरार आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर एका किरकोळ वाटणाऱ्या तपशिलात दडले आहे. स्टीव्हनने जहाजाचे नाव खोटे सांगितल्याचे न्यूहाउसच्या ध्यानात येते, ते जहाज कंपनीच्या नोंदींवरून. म्हणजे मातेचा आक्रोश जे सिद्ध करू शकला नाही, ते दप्तराने सिद्ध केले. बनी सापडते, परंतु तिच्या आईच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला कोणी शोधलेले नसते. सुखान्तातही टोचत राहणारे हे शल्यच या चित्रपटाला सामान्य रहस्यपटाहून वरच्या पातळीवर नेते.