निवडसूचीतील चित्र : 'ई-पीक पाहणी'च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित केलेले 'ई-पीक पाहणी' हे मोबाइल ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. तोपर्यंत सातबारावरील गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद तलाठी करीत असे. ती आता खातेदाराने स्वतः करावयाची आहे. गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, सिंचनाचे साधन, सिंचनाची पद्धत अशा याद्या एकामागून एक उघडत जातात. प्रत्येक यादीतील एका नावावर बोट ठेवावयाचे आणि अखेरीस उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. पीकविमा, हमीभावाने खरेदी, नुकसानभरपाई यांचा आधार हीच नोंद असल्याने चुकीच्या नावावर पडलेले बोट खातेदारास महागात पडू शकते.

या क्रमातील एक विसंगती लक्षणीय आहे. ॲप शेतकऱ्याकडून चित्र मागते. परंतु निवड करण्याच्या क्षणी त्याच्यापुढे केवळ शब्द ठेवते. यादीतील प्रत्येक नावाशेजारी चित्र द्यावे, म्हणजे कमी शिकलेल्या खातेदाराची सोय होईल, ही सूचना त्यामुळे सहजच सुचते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील पिके डोळ्यांसमोर ठेवून तिची तपासणी करणे उद्बोधक ठरेल.

तंत्राची बाजू

तंत्रदृष्ट्या यात फारसे अवघड काही नाही. अँड्रॉइडमध्ये अशा यादीस 'स्पिनर' म्हणतात. मुळात ती प्रत्येक ओळीत केवळ मजकूर दाखविते. ओळीची स्वतंत्र मांडणी करून 'अडॅप्टर'मार्फत चित्र व नाव एकत्र पुरविले की काम होते. खरी अडचण आकाराची आहे. बोटाने स्पर्श करावयाच्या ओळीची उंची किमान ४८ डीपी असावी असा गूगलचा संकेत आहे. एक डीपी म्हणजे इंचाचा एकशेसाठावा भाग. म्हणजे ओळ साधारण साडेसात मिलिमीटरची आणि तीत मावणारे चित्र जेमतेम सहा मिलिमीटरचे. चित्र मोठे करावे तर एका वेळी चार-पाचच नावे दिसतात आणि यादी सरकविता सरकविता शेतकरी कंटाळतो. तेव्हा सहा मिलिमीटरमध्ये पिकाचे काय दाखवावयाचे, हा प्रश्न उरतोच.

चित्र कोणते?

हळद दाखवावयाची तर पिवळे हळकुंड काढावे, असे शहरातील रचनाकारास वाटेल. परंतु नोंद करतेवेळी शेतात हळकुंड दिसत नाही, पाने दिसतात. आणि हळदीची व आल्याची पाने एकाच कुळातील असल्याने लहान चित्रात त्यांचा भेद राहत नाही. सातारा जिल्ह्यात ही दोन्ही पिके घेतली जातात. कोवळा मका आणि कोवळी ज्वारी यांचेही तेच. पानाऐवजी कणीस, कंद वा दाणा दाखविला तर चित्र ओळखू येते खरे. पण मग ते शेताचे न राहता बाजाराचे होते.

उसाचे उदाहरण याहून बोलके आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ऊस ओळखण्यासाठी चित्राची गरज नाही. त्याच्या व्यवहारात महत्त्वाचा भेद आहे तो आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा. हा भेद लागणीच्या काळाचा आहे, खोडव्याच्या बाबतीत तर लागणच नव्हे, तोडणीनंतरच्या फुटव्याचा आहे. चौघांचे चित्र एकच निघेल. एकच चित्र चार ओळींत पाहिल्यावर घाईत असलेला माणूस पहिल्या ओळीवर बोट ठेवील, हे उघड आहे. येथे चित्र मदत तर करीत नाहीच, उलट शब्द वाचण्याची गरज नाही असा आभास निर्माण करते.

सिंचनाच्या यादीत हा धोका अधिक गडद होतो. विहीर आणि विंधन विहीर चित्राने सहज वेगळ्या दाखविता येतात. परंतु कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते आटपाडी, खानापूरपर्यंत नेले जाते. शेतकऱ्यासमोर ते येते मात्र बहुधा कालव्यातूनच. योजना उपशाची, दृश्य कालव्याचे. कालव्याचे चित्र पाहून त्याने तेच निवडले, तर डोळ्यांना दिसले ते त्याने प्रामाणिकपणे नोंदविले असेल आणि दप्तरी नोंद तरीही चुकेल. म्हैसाळ योजनेवरील जतच्या शेतकऱ्याची स्थिती वेगळी नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. 'घेवडा' म्हटल्यावर राज्यात अन्यत्र भाजीची शेंग डोळ्यांपुढे येते; कोरेगाव तालुक्यात मात्र राजम्याच्या जातीचा वाळला दाणा. भौगोलिक मानांकन लाभलेल्या वाघ्या घेवड्यास दाण्यावरील पट्ट्यांमुळे हे नाव मिळाले. यादीत एकटा 'राजमा' हा शब्द असेल तर तेथील वृद्ध शेतकरी अडखळेल. पट्टेदार दाण्याचे चित्र त्याची अडचण क्षणात दूर करील. रब्बी ज्वारीला 'शाळू' म्हणणाऱ्यालाही भरल्या कणसाच्या चित्राची मदत होईल. वस्तू एक आणि नावे अनेक, किंवा नाव एक आणि वस्तू दोन, अशा ठिकाणी चित्राचा उपयोग निर्विवाद आहे.

साताऱ्याचा अनुभव

यादीत शब्दाशेजारी चित्र देण्याचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर असल्याने उमेदवारांच्या मतपेट्यांवर चिन्हे लावली होती. तेथे चिन्ह आणि उमेदवार यांत साम्य असण्याची अपेक्षा नव्हती. चिन्ह केवळ वेगळे असणे पुरेसे होते. २०१५ पासून नामसाधर्म्याचा घोळ टाळण्यासाठी मतपत्रिकेवर छायाचित्रही आले. असे असूनही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात जे घडले ते विचार करावयास लावणारे आहे. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) याचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते. एका अपक्ष उमेदवारास मिळालेल्या 'ट्रम्पेट' या चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' असेच दिले गेले होते. त्या अपक्षास ३७,०६२ मते पडली आणि पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पराभूत झाला. मतदारांची गल्लत झाल्याची तक्रार पक्षाने केली. त्या मतांपैकी किती गल्लतीची होती हे कोणासच सिद्ध करता येणार नाही. विधानसभा निवडणुकीपूर्वी पक्षाच्या चिन्हाचे रेखाटन अधिक ठळक करण्यास आयोगाने मान्यता दिली, 'ट्रम्पेट' मात्र तेव्हा यादीत राहिले. म्हणजे चित्र सुधारले. पण तक्रारीचे एक मूळ चित्रात नव्हते, शब्दात होते.

चित्राची जागा

ई-पीक पाहणीच्या रचनाकारांनी सगळ्याच याद्या सचित्र करण्याचा मोह त्यामुळे टाळावा. पिकांच्या यादीत, तेही जेथे स्थानिक नावांचा घोळ आहे तेथेच, चित्र द्यावे आणि त्याखाली स्थानिक नाव छापावे. वर्ग, हंगाम, लागणीचा प्रकार आणि सिंचन यांच्या याद्या शब्दांच्याच ठेवाव्यात. तेथे चित्राऐवजी नाव वाचून दाखविणारा आवाज अधिक उपयोगी पडेल. चित्राला खरी जागा मिळते ती शेवटच्या पडद्यावर. शेतकऱ्याने घेतलेले छायाचित्र आणि त्याने निवडलेल्या पिकाचे मोठे चित्र तेथे शेजारी शेजारी मांडता येईल. आपण मक्याच्या शेतात उभे राहून ज्वारी नोंदविली आहे, हे त्याला नोंद पाठविण्यापूर्वीच कळेल.