सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीतील आगगाडी : प्रतीकार्थाचा पुनर्विचार

सत्यजित राय दिग्दर्शित ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपुर संसार’ (१९५९) या चित्रपटांतील आगगाडीचा निर्देश समीक्षेत बहुधा ‘आधुनिकतेचे प्रतीक’ असा केला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून तो इतक्या सवयीने येतो की, पडद्यावर प्रत्यक्ष काय घडते याकडे दुर्लक्ष होते. गाडी कोणाला घेऊन जाते आणि तिची शिटी ऐकत मागे कोण राहते, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा मानला आहे.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत (१९२९) दुर्गा आगगाडी न पाहताच मरण पावते. राय यांनी मात्र दोन्ही भावंडांना काशफुलांच्या रानातून गाडीकडे धावायला लावले. या बदलामुळे मूळ कारुण्य उणावले, असा आक्षेप घेता येईल. तथापि दृश्य बारकाईने पाहिले असता असे दिसते की, दुर्गा धावताना अडखळून पडते आणि गाडी जवळून पाहतो तो एकटा अपूच. आजारी दुर्गा पुढे गाडी पाहायला जाण्याची गोष्ट काढते, ती म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. कादंबरीतील वंचना राय यांनी काढून टाकली नाही. ती एका अडखळण्यात सामावून घेतली.

‘अपराजितो’मध्ये या आशयाला खरी खोली प्राप्त होते. हरिहरच्या निधनानंतर काशी सोडून सर्वजया मुलासह बंगालमधील खेड्यात येते. या प्रवासात खिडकीबाहेर बंगालची भूमी दिसू लागताच तिचा चेहरा उजळतो. तेव्हा गाडी स्त्रीला नेहमी परकीच आहे, असे म्हणता येणार नाही. नव्या घरातून दूरवर गाडी जाताना दिसते आणि लहानगा अपू तिला पाहून हरखतो. तीच गाडी त्याला शिक्षणासाठी कलकत्त्यास नेते. एकदा तो स्थानकावरून परत येतो आणि गाडी चुकली असे आईला सांगतो. वस्तुतः ती त्याने जाणूनबुजून सोडलेली असते. मुलाने आईला दिलेला हा एक दिवस, माझ्या मते, संपूर्ण चित्रत्रयीतील सर्वांत मोलाचा क्षण आहे. पुढे खंगलेली सर्वजया झाडाला टेकून बसते, क्षितिजावरून गाडी निघून जाते, आणि रात्री अपूची हाक ऐकल्याचा भास होऊन ती दाराशी येते, तेव्हा अंधारात फक्त काजवे असतात. येथे आगगाडीला ‘प्रगती’ म्हणणे हा सर्वजयेवर अन्याय होईल.

‘अपुर संसार’मध्ये अपूचे बिऱ्हाडच रूळांलगत आहे. शिटीच्या कर्कश आवाजाने अपर्णा कानांवर हात ठेवते. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या अपर्णेला तो गाडीत बसवून देतो; ती परत येत नाही. पुढे तो स्वतःच रूळांजवळ मरणाच्या विचाराने उभा राहतो, पण गाडीखाली सापडते ते एक डुक्कर. ज्या यंत्राकडे बालपणी तो धावत गेला, त्याचे हे रूप राय कोणत्याही भाष्याविना दाखवतात.

अखेरीस अपू मुलासाठी खेळण्यातील आगगाडी घेऊन येतो आणि काजल ती फेकून देतो. बाप-लेकांची भेट घडते ती त्यानंतर. काजलला खांद्यावर घेऊन अपू पायीच निघतो.