चित्र उजळले; विज्ञानाचे काय?

गाजलेला चित्रपट काही वर्षांनी पुन्हा पडद्यावर आणण्याची प्रथा जुनी आहे. पुढचा भाग येऊ घातला असेल, तर त्यात निर्मात्यांची सोयही असते. जुने प्रेक्षक कथा आठवून घेतात आणि नवे प्रेक्षक तयार होतात. जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा दुसरा भाग डिसेंबर २०२२ मध्ये आला आणि त्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबरमध्ये, पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसऱ्या भागाचेही असेच पुनःप्रदर्शन झाले. डिसेंबरमध्ये तिसरा भाग येणार होता.

२०२२ च्या प्रतीत चित्र अधिक स्पष्ट आणि तेजस्वी करण्यात आले. कथा मात्र जुनीच आहे. इ.स. २१५४ मध्ये माणसे अल्फा सेंटॉरी या ताऱ्यांच्या परिवारातील पँडोरा नावाच्या उपग्रहावर एका मौल्यवान खनिजासाठी खाणी खणत आहेत आणि तेथील नावी लोकांचे अरण्य त्यात नष्ट होत आहे. मधल्या तेरा वर्षांत चित्रपट बदलला नाही, पण विज्ञान पुढे गेले. म्हणून विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न असा, की आजच्या ज्ञानाच्या उजेडात हा चित्रपट कसा दिसतो?

पँडोरा ज्या वायुरूप महाग्रहाभोवती फिरतो, तो अल्फा सेंटॉरी ‘ए’ या ताऱ्याचा ग्रह दाखवला आहे. २००९ मध्ये ही निव्वळ कल्पना होती. सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ताऱ्याजवळ, साधारण शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असावा, असे संकेत वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून मिळाल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यावर अद्याप शिक्कामोर्तब व्हायचे आहे. तरीही येथे कल्पनेची उडी वाया गेली नाही, असे म्हणता येईल.

प्राण्यांच्या रचनेत तर दिग्दर्शकाने बरीच शिस्त पाळली आहे. पँडोरावरचे घोडे सहा पायांचे आहेत. नावींना मात्र माणसासारखे दोनच हात आणि दोनच पाय. मग उत्क्रांतीचा धागा तुटला का? चित्रपटात क्षणभर माकडासारखा एक प्राणी दिसतो. त्याच्या हातांच्या दोन जोड्या कोपरापर्यंत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सहा अवयवांवरून चारांवर येतानाचा हा दुवा! पटकथेत त्याविषयी एक शब्दही नाही. पाहणाऱ्याने तो शोधायचा आहे. चांगल्या विज्ञानपटाची ही खूण होय.

तरंगत्या पर्वतांपाशी मात्र ही शिस्त सुटते. ते खनिज नेहमीच्या तापमानालाही अतिसंवाहक राहते, म्हणून पर्वत चुंबकी क्षेत्रात तरंगतात, असे स्पष्टीकरण चित्रपटाच्या पूरक साहित्यात दिले आहे. तत्त्व खरे आहे. अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकी क्षेत्र बाहेर सारतो, हे माइसनर व ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. पण ढोबळ हिशेब करू. १ टेस्ला क्षेत्राचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४ लाख न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर जेमतेम १५ मीटर जाडीचा खडक पेलण्याइतका. दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १००० मीटर उंचीच्या पर्वताला ८ टेस्लाहून अधिक क्षेत्र लागेल. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र बहुधा दीड ते तीन टेस्ला असते आणि तेवढ्यासाठीही लोखंडी वस्तू खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. चित्रपटात त्या पर्वतांजवळ उपकरणे बिघडतात, एवढे भान राखले आहे. यंत्रविमाने मात्र खुशाल उडत राहतात. आणि त्या पर्वतांवरून अखंड कोसळणाऱ्या धबधब्यांना पाणी कोठून येते? हा प्रश्न सातवीच्या वर्गातही विचारता येईल.

सर्वांत जपून पाहावा असा भाग झाडांचा आहे. पँडोरावरची सारी झाडे मुळांमधून एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात, त्यांचे जाळे मेंदूपेक्षाही गुंतागुंतीचे आहे, असे चित्रपटातील शास्त्रज्ञ ग्रेस सांगते. पृथ्वीवरही जंगलातील झाडे बुरशीच्या तंतूंनी जोडलेली असतात आणि एकमेकांना मदत करतात, ही कल्पना १९९७ मधील सुझॅन सिमार्ड व सहकाऱ्यांच्या एका शोधनिबंधानंतर लोकप्रिय झाली. अनेक मुले आज ती सिद्ध गोष्ट म्हणूनच सांगतात. परंतु २०२३ मध्ये तीन संशोधकांनी उपलब्ध पुरावा पुन्हा तपासला. जंगलात अशी जाळी सर्वत्र असतात आणि मोठी झाडे त्यांतून आपल्या रोपांना पोसतात, या दाव्यांना पुरेसा आधार नाही, असे त्यांना आढळले. या तिघांपैकी मेलनी जोन्स या १९९७ च्या त्या निबंधाच्याही एक लेखिका होत्या!

येथेच दोन प्रकारच्या ‘पुनःप्रदर्शनां’तला फरक कळतो. चित्रपट परत आणताना निर्माते चित्र घासूनपुसून लखलखीत करतात. आतल्या विधानांना हात लावत नाहीत. त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. जंगल तोडणाऱ्यांना जाब विचारण्याचे सामर्थ्य ‘अवतार’मध्ये आजही आहे, आणि अरण्य वाचवण्यासाठी झाडे बोलतात हे सिद्ध होण्याची गरज नाही. पण विज्ञान आपले जुने काम परत बाहेर काढते ते तपासण्यासाठी, आणि काही वेळा मूळ लेखकच पुढे होऊन ही तपासणी करतो.

शिक्षकांनी याचा उपयोग करून घ्यावा. विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहिला असेल, तर त्यांना तीन रकाने आखायला सांगावेत: तेव्हा कल्पना होती व आज शक्य वाटते ते, तेव्हाही अशक्य होते ते, आणि तेव्हा खरे वाटत होते, पण आज शंकास्पद आहे ते. तिसरा रकाना भरणे सर्वांत अवघड जाईल. त्यावर एक तास खर्च झाला तरी चालेल.