'पुणेकर' ही संकल्पना आणि विश्रांतवाडी

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची तुलना करणारे विनोदी कथन हा मराठी मनातील शहरप्रतिमांचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. लेखक पार्ल्यात, म्हणजे मुंबईच्या उपनगरात वाढलेले. त्यांनी पुण्याकडे प्रथम बाहेरून पाहिले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचा पुणेकर प्रत्येक विषयावर ठाम मत बाळगतो आणि दुकानात गिऱ्हाइकाचे अगत्य ठेवत नाही. मात्र हा पुणेकर पेठांतला आहे. नदीपलीकडील वस्तीला त्या चित्रात स्थान नाही.

आळंदी रस्त्यावरील विश्रांतवाडीचे उदाहरण घेतल्यास ही मर्यादा स्पष्ट होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येताना याच मार्गाने येते. वारकऱ्यास येथे पुणे आल्यासारखे वाटते, तर पेठेतील रहिवाशास हे ठिकाण गावाबाहेरचे वाटते. स्वतः विश्रांतवाडीकर नागपुरात निःसंकोचपणे पुणेकर म्हणवून घेतो; लक्ष्मी रस्त्याला निघताना मात्र 'पुण्यात जाऊन येतो' असे म्हणतो. म्हणजे 'आतला' आणि 'बाहेरचा' हे भेद बोलणाऱ्याच्या जागेनुसार बदलतात.

तथापि सदर कथनाची मांडणीच 'कोण व्हायचे' या प्रश्नावर उभी आहे. शहराचे माणूसपण जन्माने नव्हे, तर सवयीने मिळते, हे त्यात गृहीत आहे. हा विचार उदार आहे; परंतु त्याच्या अटी एका विशिष्ट वर्गाच्या भाषेतून व राहणीतून आल्या आहेत. त्यामुळे विनोदाची गोडी मान्य करूनही, पुणेकरपणाची परीक्षा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उरतोच.